मदत हवी आहे : सोल संगीताची सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आम्ही काही जण दर महिन्याला एकत्र बसून एक अख्खा अल्बम ऐकतो. रॉक बरंच ऐकून झालं, आता सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गायकीचं संगीत, घ्यायचं ठरलंय. येणारे बहुतेक ख्याल आणि अभंग ऐकत वाढलेले. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळच, त्यामुळे कान तयार आहेत. इंग्रजी शब्द मात्र सगळ्यांना पटकन कळत नाहीत.

माझा कल मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’कडे (१९७१). नऊ गाणी, एकातून दुसरं निघत जातं, सगळं मिळून पस्तीसेक मिनिटं. व्हिएतनामहून घरी परतलेल्या सैनिकाच्या नजरेतून गे अमेरिकेकडे बघतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात तो विषय वेगळा समजावावा लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

एका मित्राचा आग्रह स्टीव्ही वंडर यांच्या ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’चा (१९७६). अफाटच आहे, पण पावणेदोन तास एका बैठकीत जड जाईल.

तिसरा पर्याय अरेथा फ्रँकलिन यांचा ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२). लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये लोकांसमोर ध्वनिमुद्रित केलेला, साथीला गायकवृंद. भजनाला बसणाऱ्यांना तो लगेच भिडेल. पण ते गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं ख्रिस्ती भक्तिसंगीत. सोलची ओळख त्यातून होईल का?

नवख्या श्रोत्यांना यातलं काही कुणी ऐकवलंय का? त्यांना काय भावलं? आणि गाण्यांचा अर्थ आधी सांगावा की नंतर?