रात्री गाडी बंद, दिवसाला दहाच तास स्टेअरिंग. सात राउंडचे पाच झाले, पगाराचं काय?

पाथर्डीकर_ट्रेलर

नमस्कार मंडळी. मी सतरा वर्षं ड्रायव्हर आहे, त्यातली शेवटची आठ ट्रेलरवर. गाव पाथर्डी तालुक्यात, खोली कळंबोलीत. न्हावा शेवा बंदर ते मध्य प्रदेशातलं पीथमपूर ही ठरलेली लाइन. भरलेला कंटेनर न्यायचा, तिकडून एक्स्पोर्टचा आणायचा. एका बाजूनं पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

ज्या कंपनीचा माल नेतो तिनं फेब्रुवारीपासून नियम लावलाय. रात्री ११ ते पहाटे ५ चाक हलवायचं नाही. दिवसात १० तासांच्या वर स्टेअरिंग नाही. सलग ४ तास झाले की अर्धा तास थांबायचं. केबिनमध्ये एक डबी बसवलीय, वेळ संपत आली की ती वाजायला लागते. तरी चालवलं तर शेठच्या ऑफिसात मेसेज जातो आणि माझे ५०० कापले जातात.

मला महिन्याला ९,००० पगार आणि राउंडमागं ३,००० भत्ता. आधी सात राउंड निघायचे, म्हणजे ३०,०००. आता पाच निघतात, २४,०००. सहा हजार थेट गेले. खोलीभाडं तेवढंच आहे, थोरलीचं अकरावीचं वर्ष आहे आणि शेठकडून घेतलेली उचल अजून फिटायचीय.

नियमाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी चांदवडच्या पुढं पहाटे साडेचारला मला डुलकी लागली होती. गाडी डिव्हायडरला घासली त्या आवाजानं जागा झालो. समोर दुचाकीवर दूधवाला होता, अंतर वीस-पंचवीस फूट राहिलं असेल. ते मी घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यामुळं रात्री झोपायला मिळतंय याचं मोल मला कळतं.

पण ही झोप मिळते कुठं? मागच्या मंगळवारचं सांगतो. दुपारी २ ला पोर्टाच्या रांगेत लागलो, भरून बाहेर पडलो रात्री ९ ला. सात तास. त्यात पाठ टेकता येत नाही, दहा-दहा मिनिटांनी गाडी पुढं घ्यावी लागते, नाहीतर मागचे हॉर्न मारून जीव नको करतात. डबीनं हे सात तास जवळजवळ सगळे आराम म्हणून धरले. तिला पळती चाकंच कळतात. बाहेर पडल्यावर हातात दोन तास. शीळफाटा, मुंब्रा बायपास, भिवंडी बायपास, या पट्ट्यात चाळीस फुटी ट्रेलर लावायचा कुठं? पडघ्याच्या पुढं ढाबे आहेत, पण दहानंतर तिथं सायकल लावायला जागा नसते. सर्व्हिस रोडवर लावली आणि डिझेल टाकीच्या काळजीनं दोन वाजेपर्यंत जागाच. पाचला डबी सोडते, की निघा.

तर विचारायचं हे की, ड्रायव्हरच्या तासांचा सरकारी कायदा नक्की काय म्हणतो? आणि रांगेतल्या तासांचे पैसे मागायचा मला हक्क आहे का? शेठ माणूस वाईट नाही. पण मागायला जायचं तर हातात काहीतरी पाहिजे.

कामगारफाइल

दादा, मी पुण्यात कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलांकडे बारा वर्षं कारकुनी केली, त्यावरून सांगते.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा आहे आणि पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला लागू होत आला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या गाडीला १० आणि ५४ पर्यंत सूट. सलग ५ तासांच्या वर काम नाही, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास सुटी. आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि जादा तासांना दुप्पट दर. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. म्हणजे तुमच्या कंपनीनं आभाळातून काही आणलेलं नाही, साठ वर्षांपूर्वीच्या कागदावरही जवळपास हेच होतं. पाळलं कुणी नाही.

रांगेबद्दल मात्र नीट वाचा, कारण गोम तिथंच आहे. कामाचे तास म्हणजे गाडी चालू असतानाचं काम, त्याला जोडून येणारं काम, आणि टर्मिनलवर ‘नुसतं हजर राहणं’ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तेवढं, असं १९६१ च्या कायद्यात लिहिलंय. मालकाचा माणूस हेच वाक्य पुढं करील, की सात तास हा नुसता हजर होता. तुम्ही सांगायचं, की मी स्टेअरिंगवर होतो, दर दहा मिनिटांना गाडी सरकवत होतो, कागद दाखवत होतो, कंटेनर लॉक करत होतो. हे हजर राहणं नाही, हे काम आहे. यासाठी गेटवर शिरल्याची आणि निघाल्याची वेळ रोज लिहून ठेवा. पावती मिळाली तर तिचा फोटो काढा. आठवणीवर काही सिद्ध होत नाही.

आणि दुप्पट दर जुन्या कायद्यात मूळ पगारावर मोजायचे. तुमचा पगार ९,०००, बाकी सगळा भत्ता. म्हणून नुसता ओव्हरटाइम मागून फार हाती लागणार नाही. मूळ पगार वाढवून मागा.

सहा_गाड्या_कळंबोली

भाऊ, मी मालक आहे, सहा ट्रेलर. शेठ लोकांची बाजू घ्यायला आलेलो नाही, हिशोब सांगायला आलोय.

रात्रबंदी आली तेव्हा कंपनीनं भाड्यात एक रुपया वाढवला नाही. गाडीचा हप्ता रात्री झोपत नाही. सात राउंडचे पाच झाले की माझेही दोन राउंड जातात, आणि ड्रायव्हरला भत्ता राउंडवर असल्यामुळं माझा अर्धा तोटा आपोआप त्याच्या खिशातून भरला जातो. हे मला कळायला चार महिने लागले, ते पण माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर सोडून गेला तेव्हा.

मी दोन गोष्टी केल्या. मूळ पगार १८,००० केला आणि भत्ता राउंडला १,८०० वर आणला. पाच राउंडला २७,००० होतात, सात झाले तरी ३०,६०० च. त्यामुळं पोरं डबीशी भांडत नाहीत. दुसरं, कंपनीकडून डिटेन्शन लिहून घेतलं: २४ तासांच्या वर गाडी अडकली तर दिवसाचे पैसे, त्यातले निम्मे ड्रायव्हरला. पहिल्यांदा नाही म्हणाले. मी गेटच्या वेळांची तीन महिन्यांची वही समोर ठेवली, तेव्हा कबूल झाले. तुमची वही तुमच्या शेठच्याही उपयोगाची आहे, असं म्हणूनच द्या.

एक आणखी. ‘ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद) संपेल, पळव’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे पीथमपूरला तीन दिवस मिळतात. झोपून पोचाल.

जुना_आग्रारोड

माझी गाडी २०१९ ला सुटली, गुडघे गेले. आमच्या वेळेला गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे. नॅशनल परमिटला, म्हणजे देशभर फिरायच्या परवान्याला, तसा नियमच होता, तो २०१८ मध्ये शिथिल केला. एक चालवायचा, एक झोपायचा. कसारा मी उतरवायचा तर बिजासन घाट जोडीदार. आता एकटा माणूस सगळं करतो, वर क्लीनरही नाही. रिव्हर्सला मागं कोण बघतं? तासांचं बोलताना हे कुणी काढत नाही म्हणून लिहिलं.

बाळा, गाडी लावायचं सांगतो. पोर्टातून नऊला सुटलास तर भिवंडीकडं जाऊच नकोस. कळंबोलीलाच लाव, खोलीवर जाऊन झोप, पाचला निघ. दोन तास गेले असं वाटेल, पण बायकोच्या हातचं जेवण आणि सरळ पाठ, दोन्ही मिळतं.

हांबुर्गहून

मी मूळचा सांगलीचा, इथे एका गोदामात गाड्यांच्या वेळा लावायचं काम करतो. युरोपात दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १०. साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं.

तुमचं वाचून दोन गोष्टी आठवल्या. एक, इथल्या यंत्रावर ड्रायव्हरला बटण असतं: चालवणं, इतर काम, ताटकळणं, विश्रांती. चार वेगळ्या खुणा. माल उतरवताना थांबला तर तो विश्रांतीत धरला जाऊ नये म्हणून तो स्वतः खूण बदलतो. तुमच्या डबीला हे बटण नाही, इथंच अन्याय होतोय. दुसरं, किती किलोमीटर पळवली किंवा किती माल नेला यावर पगार बेतून ड्रायव्हर नियम मोडायला लागेल, तर तशा पगाराला २००६ च्या नियमावलीत मनाई आहे. तासांचा नियम आणि पगाराची पद्धत एकाच कागदात बांधली आहे. तुमच्याकडे पहिला अर्धा आला, दुसरा आला नाही.

पाथर्डीकर_ट्रेलर

सगळ्यांचे आभार. ताई, पंधरा मिनिटांचं वाक्य मी तीनदा वाचलं. आजपासून वही सुरू केली. पोरीनं रकाने आखून दिले: गेटला लागलो, आत गेलो, बाहेर पडलो, गाडी कुठं लावली.

आजचं पहिलं पान: १२:४० ला लागलो, ७:५५ ला सुटलो. कंपनीच्या डबीवर तेवढ्या वेळात चालवणं ३५ मिनिटं आहे. दोन्हीचे फोटो काढून ठेवलेत.

मालक साहेब, तुमचा १८,००० आणि १,८०० चा हिशोब कागदावर उतरवलाय. महिनाभर वही भरतो आणि एक तारखेला शेठकडं घेऊन जातो. १८ नाही तर १५ तरी मागणार, आणि ते ५०० चं कटिंग बंद करा म्हणणार.

काका, तुमचं ऐकलं. गाडी कळंबोलीत लावलीय, खोलीवरून लिहितोय. भाकरी आणि शेपू झाला. पाचचा गजर लावलाय.