नुरेंबर्ग मोहिमेत बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकाच्या स्मृतिफलकासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी इंग्लंडमधील लिंकन येथे राहतो. आमच्या शेजारच्या आजींचे मामा लँकेस्टर बॉम्बर विमानात वायरलेस ऑपरेटर होते. दुसऱ्या महायुद्धात ३० मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीतील नुरेंबर्ग शहरावर बॉम्बहल्ल्यासाठी निघालेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या ७९५ विमानांपैकी जी ९५ परतली नाहीत, त्यांत त्यांचे विमान होते. मृतदेह सापडला नाही. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा २०,००० हून अधिक हवाई सैनिकांसोबत इंग्लंडमधील रनीमीड येथील हवाई दलाच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. आजींकडे त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात छातीवरच्या एका पंखाच्या बिल्ल्यातील अक्षरेही आता पुसट झाली आहेत.

त्यांच्या गावात छोटा फलक लावायचा आहे. स्क्वाड्रनच्या (हवाई दलाच्या तुकडीच्या) दैनंदिन नोंदी लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या मालिकेत आहेत आणि त्यांत विमानाचा क्रमांक, चालकदल व उड्डाणाची वेळ मिळते, हे मला ठाऊक आहे. मात्र युद्धानंतर बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या पथकाने त्या विमानाविषयी काही अहवाल लिहिला असल्यास तो कुठे आणि कसा मागवावा? नातेवाइकाच्या वतीने अर्ज करताना कोणती कागदपत्रे जोडावी लागतात? फलकावर विमानातील सातही जणांची नावे असावीत असे मला मनापासून वाटते, कारण ते एकत्र गेले. परंतु इतर सहा कुटुंबांची संमती कशी मिळवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.