विषय: नाल्याकाठच्या शिवाराची नोटीस – हरकत कोणाच्या सहीने द्यायची?

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार,

बुधवारच्या कन्नड दैनिकातले कात्रण मास्तरांनी सर्वांना पाठवलेच आहे, त्यामुळे ते पुन्हा जोडत नाही. सहा सर्व्हे नंबर शेतीपट्ट्यातून काढून निवासी पट्ट्यात घालण्याचा नियोजन प्राधिकरणाचा प्रस्ताव आहे. हरकतींना १५ दिवस दिलेले आहेत आणि त्यातले चार ते कात्रण कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंतच गेले. हरकत घ्यायची हे रविवारच्या बैठकीत ठरले. ती मंडळाच्या लेटरहेडवर द्यावी की ज्याची त्याने आपल्या सहीने द्यावी, एवढाच प्रश्न उरला आहे. मंगळवार संध्याकाळपर्यंत मत कळवावे. मस्कत, दोहा आणि मेलबर्नच्या मंडळींनी वेळेतील फरक ध्यानात घ्यावा.

प्रेषक: खजिनदार

कार्यवाहांस नमस्कार. लेटरहेड गणेशोत्सव, शिष्यवृत्ती आणि दिवाळी अंकाच्या पत्रव्यवहारासाठी आहे, असा ठराव आपणच सर्वांनी केला होता. रस्ता रुंदीकरणाच्या वेळी मंडळाच्या नावाने निवेदन गेले आणि त्यानंतर सभागृहाच्या परवानगीसाठी मला किती खेटे घालावे लागले, हे इथे पुन्हा लिहायला लावू नये. शिवाय आपल्या बेळगावात मराठी मंडळाचे नाव वर असले की गटाराची तक्रारसुद्धा सीमाप्रश्नाच्या फायलीत जाऊन पडते. मी हरकतीच्या विरोधात नाही, लेटरहेडच्या विरोधात आहे.

प्रेषक: मस्कतहून

खजिनदार काकांचे म्हणणे पटते, परंतु वैयक्तिक सही म्हटली तर आम्ही इथून काय करायचे? वडिलांचे घर विकताना मला इथल्या भारतीय दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करावे लागले होते, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचे असते हे कोणी न सांगितल्यामुळे तो कागद वाया गेला; सगळे नव्याने करावे लागले. आता ११ दिवसांत हे सारे जमणे अशक्य दिसते, म्हणून मंडळानेच एकगठ्ठा हरकत द्यावी असे माझे मत आहे.

प्रेषक: मास्तर, अनगोळ

चि. मस्कतकर, तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एकत्र करत आहात. मालमत्ता विकायला मुखत्यारपत्र लागते, हरकत द्यायला लागत नाही. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ याच्या कलम १४-अ मध्ये लोकांकडून हरकती मागवाव्यात असे म्हटले आहे. जमीनमालकांकडून किंवा लगतच्या घरमालकांकडून, असे म्हटलेले नाही. तेव्हा सही करून, पत्ता लिहून कागद पाठवला की पुरे. मात्र मूळ सहीची प्रत कुरिअरने येऊ द्यावी. ईमेलने पाठवलेले पोहोचले नाही असे उद्या कोणी म्हटले, तर आपल्या हातात पोच नसेल.

मुदतीबद्दलही लिहितो, कारण कालपासून तिघांनी फोन केले. प्रसिद्धीच्या तारखेपासून किमान १५ दिवस देणे बंधनकारक आहे. कायद्याच्या भाषेत ‘पासून’ म्हटले की सहसा पहिला दिवस मोजत नाहीत, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर पुढच्या कामाच्या दिवशीही कागद घेतात. पण असल्या बारकाव्यांवर विसंबून शेवटच्या दुपारी काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा दोन दिवस आधी देऊन शिक्का घेतलेला बरा.

आणखी एक गोष्ट. आपल्यातील काही जण नगरसेवकांकडे जाऊन आले आणि ‘बघतो’ ऐकून परतले. महानगरपालिका घरपट्टी घेते, बांधकाम परवाना देते. परंतु विकास आराखड्यातील जमीनवापर बदलण्याचा निर्णय नियोजन प्राधिकरण राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने करते. नगरसेवकांना भेटायला हरकत नाही, फक्त त्या भेटीला हरकत समजू नये. बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे ही कायद्यातलीच अट आहे आणि आपला मुद्दा तिथेच बसवायचा आहे. ‘आमच्या गच्चीवरून दिसणारे भाताचे वाफे जातील’ हे वाक्य रविवारच्या मसुद्यात होते, ते मी काढले आहे. लिहिणाऱ्यांनी राग मानू नये.

प्रेषक: शिवारवाले

मास्तर, मसुदा सुंदर आहे, पण त्या सहा नंबरांतला एक माझा आहे हे बैठकीत कोणाच्या लक्षात आले नाही, की लक्षात असूनही कोणी बोलले नाही, ते मला माहीत नाही. दोन एकर बारा गुंठे. आजोबांच्या वेळी तिथला बासमती तांदूळ घरी शिजला की शेजारच्या चार घरांना वासावरून कळत असे. आज नाल्यातून शहराचे सांडपाणी येते, भांगलणीला माणूस मिळत नाही, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये उभे भात पाण्याखाली गेले ते सर्वांनी गच्चीवरूनच पाहिले. शेत राहावे असे ज्यांना वाटते त्यांनी एक हंगाम चिखलणीला यावे.

दुसरे असे, की हा प्रस्ताव फेटाळला गेला तर तिथे शेती राहणार आहे का? पलीकडच्या बाजूला काय झाले ते पाहा. बिनशेती नाही, लेआउटची मंजुरी नाही, उताऱ्यावर अजून शेतीच, आणि दोन-दोन गुंठे विकून झाले. माझ्या मेहुण्याने तसा एक तुकडा घेतला. ग्रामपंचायतीकडून नियमित मालमत्तेचा नमुना ९ मिळण्याऐवजी अनियमित मालमत्तेचा ११-ब हाती आला, बँकेने कर्ज नाकारले आणि विकणारा आता फोन उचलत नाही. मंजूर लेआउटमध्ये निदान रस्ता, गटार आणि उद्यानाची जागा कागदावर तरी येते.

प्रेषक: मेलबर्नहून

११-ब चा विषय निघालाच आहे तर विचारते, अनधिकृत बांधकामे नियमित करण्याच्या ‘अक्रम-सक्रम’ योजनेत ते नियमित होत नाही का? माझ्या सासऱ्यांनी त्यासाठी अर्जाची तयारी करून ठेवली होती. तसेच नाल्यापासून ५० मीटर बांधकाम करता येत नाही असे मी वाचले आहे. तसे असेल तर या सहांपैकी निम्मे नंबर आपोआपच बाद व्हायला हवेत.

प्रेषक: मास्तर, अनगोळ

सूनबाई, अक्रम-सक्रमच्या नियमांना उच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली खरी, परंतु २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने योजनेला स्थगिती दिली. त्यातही १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीचीच बांधकामे धरायची होती. शिवारवाल्यांच्या मेहुण्यांना त्याचा उपयोग नाही.

५० मीटरचा आकडा बेंगळुरूच्या ‘सुधारित आराखडा-२०१५’ मधला आहे: मुख्य नाल्याला ५०, दुय्यमला २५, तिसऱ्या दर्जाच्या नाल्याला १५. हरित लवादाने २०१६ मध्ये तलावांभोवतीचे अंतर ७५ मीटरपर्यंत वाढवले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. हे सगळे तिकडचे आहे. ते आपल्या हरकतीत जसेच्या तसे घातले तर पहिल्याच सुनावणीत आपले हसे होईल, म्हणून आपल्या आराखड्याच्या नियमावलीत नाल्यासाठी जे अंतर दिले आहे तेच उद्धृत करायचे. मी प्रत मिळवतो.

शिवारवाले, तुम्हाला विचारले नाही ही चूक माझी. बैठकीची यादी मी केली होती. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यामुळे मसुदा बदलावा लागेल. ‘बदल करू नये’ असे न म्हणता, ‘करायचाच असेल तर’ अशा अटी मागता येतील: नाल्याचे मूळ पात्र मोजणी करून नकाशावर दाखवावे, उद्यान व मोकळी जागा कोपऱ्यातल्या उरलेल्या त्रिकोणात न टाकता नाल्यालगत सलग ठेवावी, आणि भराव घालून पातळी वाढवू नये, कारण तसे झाले तर पुढच्या पुराचे पाणी थेट आपल्या गल्लीत शिरेल. अशा हरकतीवर तुम्हीही सही करू शकाल, असे वाटते.

प्रेषक: शिवारवाले

भरावाच्या अटीवर सही करतो. मोकळ्या जागेचे क्षेत्र नियमापेक्षा जास्त मागू नका, एवढेच.

प्रेषक: वहिनी, टिळकवाडी

कन्नड भाषांतर मी करून देते. नोटीस केवळ कन्नडमध्ये आल्याबद्दल दोघांनी मला वेगळे लिहिले. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही भूमिका केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात आहे आणि ती मागणी मी स्वतः वर्षानुवर्षे करत आले आहे. पण ती याच कागदात घालू नका. खजिनदार म्हणतात ती फाईल खरोखरच असते. ती तक्रार भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे स्वतंत्र जाईल आणि तिच्यावर पहिली सही माझी असेल.

प्रेषक: खजिनदार

वहिनींनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. झेरॉक्सचा खर्च मात्र मंडळाच्या खात्यातून होणार नाही.

प्रेषक: कार्यवाह

बहुमत वैयक्तिक सह्यांकडे आहे. मास्तरांचा सुधारित मसुदा आणि वहिनींचे भाषांतर गुरुवारपर्यंत येईल. परदेशातील मंडळींनी त्याच दिवशी सही करून कुरिअर करावे. सोमवारी सकाळी साडेदहाला मी, मास्तर आणि शिवारवाले प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊ. प्रत्येक हरकतीच्या दोन प्रती आणाव्यात, म्हणजे दुसरीवर पोच घेता येईल. झेरॉक्स माझ्याकडून.