पाहुणी ठेवायची का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: सगळ्यांना एकदमच सांगते. शाळेतून पत्र आलंय. शाळांच्या अदलाबदल कार्यक्रमात आपली मुलगी जर्मनीत जिच्या घरी राहून आली, ती तिची जोडीदार आता आपल्याकडे राहायला यायची आहे, बारा दिवस. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी अजून सही केलेली नाही.

दादा: मला वाटतं आपण नीट शब्दांत "नाही" असं कळवावं. हिचं जाऊन आलं, शिकायचं ते शिकली. परक्याची पंधरा वर्षांची मुलगी बारा दिवस घरात ठेवायची म्हणजे जबाबदारी आहे.

काकू: मी आधीपासून हेच म्हणतेय. आजारी पडली, कुठे चुकली, तर तिच्या आईवडिलांना काय उत्तर द्यायचं?

भाची: बाबा, त्यांनी मला बारा दिवस ठेवून घेतलं होतं. त्यांनाही परकीच होते ना मी?

मी: दादा, जरा लांबलचक लिहितेय, पण पूर्ण वाच. शाळेतर्फे मी तीन वेळा मुलांना घेऊन परदेशी गेलेय. त्यातली पहिली फेरी वाया गेली असं मी आजही म्हणते. मुलं हॉटेलात राहिली, बसमध्ये आपापल्यात बसली, संग्रहालयं पाहिली. समोरच्या शाळेशी भेट झाली ती दोन तास, स्वागत, भाषणं आणि एकत्र फोटो. परतल्यावर मुलं तिकडच्या लोकांबद्दल तेच बोलत होती जे जाण्यापूर्वी बोलायची, फक्त आता "आम्ही स्वतः पाहिलंय" एवढं जोडून. माझ्या मते न जाण्यापेक्षाही हे वाईट.

मी: गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हेच मांडलं होतं. दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून मनातले ग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काहीतरी एकच काम हवं, ते एकमेकांच्या मदतीनेच व्हायला हवं, आणि वरच्यांचा म्हणजे शाळेचा, घरच्यांचा उघड पाठिंबा हवा. आपली मुलगी जाऊन आली आणि त्यांची येऊच दिली नाही, तर पहिलीच अट मोडते. एक कायमची पाहुणी आणि एक कायमचा यजमान, यात बरोबरी कुठली?

दादा: ते ठीक. पण खरं सांगू का, हल्ली ही घरात प्रत्येक गोष्टीवर "का?" विचारते. तिकडचेच विचार डोक्यात भरून पाठवलेत असं वाटतं.

भाची: बाबा, कोणी काही भरलं नाही. आत्या, ते वर्गसभेचं मी सांगू का?

मी: सांग. सगळं सांग.

भाची: तिच्या शाळेत आठवड्यातून एक तास वर्गसभा असते, क्लासेनराट म्हणतात. खुर्च्या गोल मांडतात. आठवडाभर भिंतीवर एक कागद असतो, ज्याला जो विषय काढायचा तो त्यावर लिहितो. सभा चालवणारा वर्गातलाच, नोंदी लिहिणारी वर्गातली, वेळ बघणाराही. दर वेळी माणसं बदलतात. बाई गोलातच बसतात आणि त्यांनाही हात वर करावा लागतो. पहिल्या सभेत विषय होता, गटाने केलेल्या प्रकल्पाला सगळ्यांना सारखेच गुण द्यावेत का. फेरी माझ्यापर्यंत आली. मी म्हटलं, "तुम्ही सगळे ठरवाल ते." नोंदी लिहिणाऱ्या मुलीने मान वर करून पुन्हा विचारलं. मी तेच म्हटलं. तिने वहीत माझ्या नावापुढे "मत नाही" असं लिहिलं.

भाची: कोणी हसलं वगैरे नाही. पण मला रात्री झोप लागेना. कारण मला मत होतं. आपल्या शाळेतल्या प्रकल्पात सगळं काम मीच केलं होतं.

वहिनी: हे तू मला सांगितलं नव्हतंस.

भाची: पुढच्या आठवड्यात तोच विषय मतदानाला होता. मी बोलले, इंग्रजीत, अडखळत. आमची बाजू १४ विरुद्ध ११ ने हरली. मग बाईंनी विचारलं, ज्यांना हे मान्य नाही त्यांची अडचण कशी सोडवायची? त्यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की गुण सारखेच, पण कोणी काय काम केलं ते प्रत्येक गटाने लिहून द्यायचं.

मी: दादा, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बहुमताची व्याख्या असते. हरलेल्या ११ जणांचं पुढे काय करायचं, हे मात्र पुस्तकातून उमगत नाही, तिथे बसावं लागतं.

मी: आणि विचार भरण्याचं म्हणशील, तर जर्मनीत यावर फार खोल विचार झालाय. शाळा, तरुणांच्या संघटना हाताशी धरून हिटलरच्या राजवटीने एक पिढी कशी घडवली ते त्यांनी भोगलंय. १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणातले जाणकार जमले होते. तिथून काही तत्त्वं निघाली, ती तिथले शिक्षक आजही मानतात. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादायचं नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि त्यात आपलं हित कशात आहे हे मुलाला स्वतः तपासता आलं पाहिजे. हा तुझ्या मुलीचा "का?" त्यातलाच. तो उद्धटपणा नाही रे.

अण्णा: आत्ता सगळं वाचलं. मी एवढंच सांगतो. फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून १९४५ पर्यंत तीनदा लढले. १९६३ च्या जानेवारीत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी मैत्रीचा एलिझे करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून तरुणांसाठी कार्यालय काढलं. आजवर ९० लाखांहून जास्त तरुण मुलं त्यातून इकडची तिकडे गेली. ज्यांचे काका-मामा युद्धात मेले होते त्यांनी समोरच्या देशातली मुलं घरात झोपवली. आपल्याला तर एका मुलीला बारा दिवस ठेवायचंय.

काकू: भावोजी, ते देशांचं झालं. इथे आपल्या घरात रात्री तिला ताप आला तर कोण उठणार?

मी: काकू, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. चांगल्या कार्यक्रमात कोणीतरी आधी घर पाहून जातं, घरातल्या मोठ्या माणसांची पडताळणी होते, विमा असतो. शिवाय मुलीला घराबाहेरची एक व्यक्ती नेमून दिलेली असते, जिला ती कधीही, यजमानांना न विचारता फोन करू शकते. वहिनी, पत्रात हे नसेल तर शाळेला लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर मीच म्हणेन सही करू नका.

वहिनी: आहे. चौथ्या पानावर आहे. ताई, मला भीती वेगळीच आहे. तिच्याशी काय बोलायचं? काही चुकीचं विचारलं तर?

मी: वहिनी, कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये लोकशाही संस्कृतीसाठी लागणाऱ्या २० क्षमता मांडल्या. त्यात एक आहे ती म्हणजे सगळं स्पष्ट नसतानाही न घाबरता टिकून राहणं. तुमची भीती नेमकी तिथलीच आहे. मुलगी तिकडे गेली तेव्हा तिने ती सोसली. आता तुमची पाळी. चुकीचं विचाराल, ती सांगेल, तुम्ही पुन्हा विचाराल.

भाची: आई, तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमच्या घरात निर्णय कोण घेतं? मी म्हटलं बाबा. तिने विचारलं, आणि तुला पटलं नाही तर? मला उत्तर आलं नाही. ती इथे आल्यावर पुन्हा विचारेल.

दादा: विचारू दे.

दादा: तुझ्या आईला सांगतोय, अर्ज माझ्या टेबलावर ठेव. रात्री वाचतो. पण परीक्षेच्या आधीचे चार दिवस त्यात येतात का ते बघा, मला त्याचं उत्तर हवंय.

भाची: दोन दिवस येतात. मी वेळापत्रक लिहून देते, तुम्ही तपासा.

अण्णा: माझी खोली तिला द्या. मी हॉलमध्ये झोपेन.

काकू: मला पटलेलं नाही, माझा विरोध तसाच लिहून ठेवा. आणि ती येईल तेव्हा रात्रीची मी उठेन, हेही लिहा.