हुरड्याला कोण कोण येणार? मेन ग्रुपवर टाकू नका

ग्रुप : गच्चीवरच्या सातजणी

स्नेहल : बायांनो, हातातलं काम ठेवा आणि हे वाचा. जानेवारीत एक शनिवार-रविवार आपण सातजणी बाहेर राहायला जाऊ. एकच रात्र. मुलं नाहीत, नवरे नाहीत, सासवा नाहीत. कुठं ते अजून ठरलेलं नाही, पण माझी एक अट आहे. तिथं आपल्यापैकी एकीनंही गॅससमोर उभं राहायचं नाही. आणि हे सोसायटीच्या मेन ग्रुपवर टाकू नका, नाहीतर पाच मिनिटांत ‘फॅमिली चालेल का’ सुरू होईल.

वैशाली : मी आले!! फक्त तारीख लवकर सांगा. आमच्या वॉर्डची ड्युटी महिन्याच्या सुरुवातीला लागते, एकदा नाइट लागली की बदलून कुणी घेत नाही.

कल्पनाकाकू : छान. शनिवारी तुळजापूर, येताना नळदुर्ग. रविवारी अक्कलकोट आणि वेळ उरला तर गाणगापूर. सगळं एका फेरीत होऊन जातं.

स्नेहल : काकू, हे ‘होऊन जातं’ तेच नकोय यावेळी. पहाटे उठा, रांगेत थांबा, चपला कोण सांभाळणार ते ठरवा, गाडीत बसून पुढच्या गावाला पळा. देव आहेतच, ते कुठं जात नाहीत. मला लोळायचंय.

लक्ष्मी : आणि नळदुर्गला जानेवारीत काय बघणार काकू? नर-मादी धबधबे बोरी नदीला भरपूर पाणी आलं की पडतात. आता पाणीमहालाची नुसती भिंत दिसणार.

कल्पनाकाकू : किल्ला तरी आहे ना.

शाहीन : गोवा? आता आपल्या होटगी रोडवरनं विमान आहे.

लक्ष्मी : विमान आहे ग, पण माझ्याकडं टॉवेलच्या शिलाईची ऑर्डरपण आहे. आणि घरात नुसतं ‘गोवा’ म्हणून बघ, दिवसभर चौकशी बसेल.

राजश्री : महाबळेश्वर? स्ट्रॉबेरी सुरू झालीय.

वैशाली : अडीचशे किलोमीटर जायचं नि अडीचशे यायचं. शनिवारी घाट चढायचा, रविवारी उतरायचा. मधे एक रात्र, तीपण पोटात ढवळत.

महानंदाअक्का : मग विजापूरला चला की. माझं माहेर तिकडंच. शंभर किलोमीटर. गोल घुमट, इब्राहिम रोजा, बारा कमान, निवांत बघू. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट.

राजश्री : अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंत, अक्का. पुढचं पूर्ण द्यावं लागतं.

महानंदाअक्का : मग कर्नाटकच्या गाडीनं जाऊ. तिथं बायकांना फुकट आहे, वहिनी रोज फिरते.

स्नेहल : तिथं राहणाऱ्या बायकांना फुकट, अक्का. तुमच्या आधारवर सोलापूरचा पत्ता आहे.

महानंदाअक्का : म्हणजे लग्न करून तोटाच झाला.

राजश्री : 😂😂 आणि घुमटाच्या वरच्या गॅलरीत नुसतं कुजबुजलं तरी पार पलीकडच्या भिंतीजवळ ऐकू येतं. आपल्या ग्रुपला ते परवडायचं नाही.

वैशाली : शिवाय तो जिना. अक्कांचे गुडघे आणि माझे पाय, दोन्ही रजेवर आहेत.

स्नेहल : आता माझं ऐका. मी दोन दिवस फोनाफोनी केलीय, म्हणून जरा लांबण लावते. आपण सोलापूरच्या बायका, ज्वारीच्या मुलखात राहतो, आणि हुरडा खायला नवऱ्यांच्या ऑफिसच्या पार्टीत त्यांच्या मागनं जातो. तिथं बाप्ये खुर्च्या टाकून बसतात आणि आपण ताटं पुढं करतो. यावेळी आपलाच हुरडा करू. दक्षिण सोलापूरला भीमेच्या बाजूला एक शेत आहे, राहायला तीन खोल्या आहेत. चालवणारी बाईच आहे. मी मुद्दाम तिच्याशीच बोलले, नवऱ्याशी नाही. कारण नवऱ्याला विचारलं की तो म्हणतो ‘सगळी सोय आहे मॅडम’, आणि बाईला विचारलं की ती सांगते बाथरूममध्ये बादल्या किती आहेत.

तर बादल्या पुरेशा आहेत. एका खोलीला कमोड आहे, दोन खोल्यांना नाही. कमोडची खोली अक्का आणि काकूंना. गरम पाण्याला बंब आहे, पण पहाटे पेटवायला माणूस सहा वाजता येतो, त्याआधी उठणाऱ्यांनी थंड पाण्यानं अंघोळ करावी किंवा उठू नये. दाराला आतनं कडी आहे, हे तीनदा विचारलं. त्या रात्री दुसरा ग्रुप घेणार नाही, हे तिनं कबूल केलंय. ते महत्त्वाचं, कारण हल्ली हुरड्याला गेलं की शेजारच्या झाडाखाली कुणाचा तरी डीजे वाजतच असतो. आगटीजवळ बसून कानात बोलायची वेळ येते.

हुरडा शनिवारी चार वाजता. बरोबर शेंगा चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, ऊस. रात्री भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी. रविवारी नाश्ता आणि दुपारचं जेवण. सगळं धरून माणशी दोन हजार. गाडीचं वेगळं.

शाहीन : दोन हजारात स्वयंपाक न करता चार वेळा खायला मिळतंय. मला हे शेत चालेल.

लक्ष्मी : हुरडा कुठला पण? नुसता ‘हुरडा’ म्हणून कुठलीबी ज्वारी भाजून देतात. सुरती आहे का विचार. नाहीतर गूळभेंडी.

स्नेहल : सुरती आहे म्हणाली. उशिरा पेरलेलं एक वावर मुद्दाम ठेवलंय म्हणे जानेवारीसाठी.

कल्पनाकाकू : तारीख कुठली?

स्नेहल : तिथंच तर घोडं अडलंय. ३१ डिसेंबरच्या आसपास नको, दर दुप्पट आणि दारूवाले. संक्रांतीच्या आठवड्यात गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची यात्रा, आपण कुणी हलूच शकत नाही.

महानंदाअक्का : भोगीला अक्षता, पाहुणे आदल्या दिवशीच येतात. मग होम, मग शोभेचं दारूकाम. १६ ला कप्पडकळी, म्हणजे यात्रेचा शेवटचा विधी झाला की मी मोकळी. त्याआधी मला विचारूपण नका.

राजश्री : २४-२५ करू. सोमवारी २६ जानेवारी, सुट्टी जोडून आहे.

शाहीन : मला २६ ला सकाळी झेंडावंदनाला शाळेत सातला हजर पाहिजे, आणि आदल्या दिवशी मुलांची कवायतीची तयारी. मला वगळा मग.

लक्ष्मी : तुला वगळून हुरडा चोळणार कोण? आणि २५ ला रथसप्तमी, सगळी राहिलेली हळदीकुंकवं त्या दिवशी. मला तीन घरी वाण घ्यायला जायचंय.

वैशाली : शिवाय तोवर दाणा टणक होतो. हुरडा म्हणून ज्वारीच चावायची.

स्नेहल : म्हणून १७-१८ जानेवारी. गड्ड्याचे विधी आटोपलेले, लाँग वीकेंडची गर्दी सुरू झालेली नाही, कणीस हिरवं. शोधूनही दुसरा शनिवार सापडत नाही.

कल्पनाकाकू : कालनिर्णय बघितलं का? १८ ला अमावस्या आहे.

(यानंतर दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असणार.)

राजश्री : काकू, आपण १७ लाच निघतोय ना. अमावस्येला तर परत येतोय.

कल्पनाकाकू : अमावस्येला रानात मुक्काम म्हणजे माझ्या मनाला पटत नाही ग. बाकी तुम्ही शिकलेल्या.

महानंदाअक्का : कल्पना, परवा येळवस झाली. कुठं होतीस तू?

कल्पनाकाकू : दिराच्या शेतात. का?

महानंदाअक्का : कुठल्या तिथीला?

कल्पनाकाकू : …

महानंदाअक्का : अमावस्येला अख्खा गाव बैलगाड्या, ट्रॅक्टर, जे असेल ते घेऊन शेतात जातो. कडब्याची खोप करतो, पांडव पुजतो, भज्जी-आंबील-उंडे खाऊन झाडाखाली घोरतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्याच, ती तुला चालते आणि पुढच्या महिन्याची चालत नाही? आमच्या आईनं सगळा जन्म अमावस्येला शेतात पंगत वाढली.

वैशाली : अक्का, साष्टांग 🙏

कल्पनाकाकू : बरं बाई. पण देवदर्शन एक तरी हवं. तेवढं माझं ऐका.

शाहीन : काकू, त्याची सोय वाटेवरच आहे. विजापूर रोडनं जाताना हत्तरसंग कुडलचा फाटा लागतो, भीमा आणि सीना जिथं मिळतात ते गाव. मी मागं मुलांची सहल नेली होती. हरिहरेश्वराच्या देवळात एक शिवलिंग आहे, त्यावर शेकडो छोटी छोटी मुखं कोरलीत. दगडात इतके चेहरे एकत्र मी तरी दुसरीकडं बघितले नाहीत. आणि शेजारी संगमेश्वराच्या देवळात तुळईवर लेख आहे, शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. जो वाचील तो विजयी होईल, असं त्यात लिहिलंय. माझ्या वर्गातल्या पोरांनी परीक्षेच्या आधी तिथं जाऊन जोरजोरात वाचायचा प्रयत्न केला होता. निकालाबद्दल विचारू नका.

कल्पनाकाकू : संगमपण आहे? मग अमावस्येला संगमावर अंघोळ झाली तर चांगलंच. येताना थांबू, रविवारी.

राजश्री : बघा, अमावस्येचा फायदा झाला 😄

स्नेहल : येताना थांबू. जाताना कुठंच नाही. अंघोळ ज्याची त्यानं करावी, बाकीच्या देवळाच्या सावलीत बसतील.

लक्ष्मी : एक सांगा, पाण्याचा दिवस कुणी बघितला का? आता चार दिवसांआड धरलं तर १७ ला आपल्या लाइनला पाणी येतंय. शनिवारीच.

वैशाली : अरे देवा.

राजश्री : आमच्याकडं मोटर लावायला मीच लागते. ह्यांना कॉक कुठला उघडायचा ते पंधरा वर्षांत कळलेलं नाही.

शाहीन : पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं, वरच्या टाकीचं वेगळं. माझ्या घरी हे फक्त मला आणि कामवाल्या मावशींना माहीत.

महानंदाअक्का : मी नाही आले तरी चालेल. कुणीतरी पाणी भरायला पाहिजे.

स्नेहल : अक्का, अजिबात नाही. पाण्यासाठी आपण लग्नं पुढं ढकलली, बाळंतिणीला भेटायचं राहिलं, आता हुरडापण सोडायचा? सातही घरांत धडधाकट माणसं आहेत. कॉकवर मार्करनं एक, दोन, तीन लिहून ठेवा. लाल दोरा बांधा. फार तर टाकी वाहील, नाहीतर एखादं पिंप रिकामं राहील. परत आल्यावर त्यावर कुणी कुणाला बोलायचं नाही. आणि तिथनं फोन करून ‘भरलं का’ विचारायचं नाही, हेपण ठरलं.

लक्ष्मी : एकदा तरी विचारू दे ग.

स्नेहल : एकदा. पाच वाजता. हुरडा खाताना.

राजश्री : गाडी माझी घेऊ, अर्टिगा. सातजणी बरोबर बसतात, पण मग मागं सामानाला जागा उरत नाही. एकीला एक पिशवी, ट्रॉली बॅग कुणी आणू नका. मी चालवीन, अधेमधे शाहीन. डिझेल-टोलचं सातजणींत वाटून.

वैशाली : पेट्रोल आहे ना तुझी?

राजश्री : हो ग, सवयीनं लिहिलं.

कल्पनाकाकू : मी दशम्या आणि शेंगा पोळ्या करून आणते. तिथलं जेवण कसं असेल कुणाला माहीत.

स्नेहल : काकू!! पहिल्याच मेसेजमधली अट परत वाचा.

कल्पनाकाकू : गॅससमोर तिथं उभं राहायचं नाही असं लिहिलंय. माझ्या घरच्या गॅसबद्दल काही नाही.

महानंदाअक्का : बरोबर बोलते कल्पना. मी कडक भाकरी आणते.

लक्ष्मी : मी चकल्या.

स्नेहल : म्हणजे शुक्रवारी गड्ड्याचे पाहुणे घालवून रात्री बारापर्यंत सगळ्या तळत बसणार आणि शनिवारी शेतात जाऊन पाय दुखतात म्हणणार. चालणार नाही. ज्याला आणायचंच आहे त्यानं विकत आणावं. शेंगा चटणी तिथं आहे, चिवडा नवी पेठेतनं मी घेते. विषय संपला.

शाहीन : रविवारी दुपारी मटण-भाकरी होईल का विचार ना. शनिवारी अर्ध्या जणी खात नाहीत, रविवारी तरी.

कल्पनाकाकू : अमावस्येला?

महानंदाअक्का : आमच्यात कुठल्याच दिवशी नाही. पण तू खा ग, वेगळं शिजवत असतील तर माझी हरकत नाही.

स्नेहल : विचारते. वेगळी चूल, वेगळी भांडी असतील तरच.

वैशाली : जरा माझ्या खात्यातलं बोलते. काकूंची शुगरची गोळी आणि अक्कांची बीपीची, दोन्ही हँडपर्समध्ये, पिशवीच्या तळाला नको. गोळी घ्यायची आहे म्हणून हुरड्याच्या आधी उपाशी राहू नका. हुरडा जड असतो, गप्पांच्या नादात किती खाल्ला ते कळत नाही. वर गटागटा पाणी पिऊ नका, ताक घ्या. आणि रात्री शेतावर थंडी आपल्या फ्लॅटसारखी नसते, स्वेटर, मोजे, कानपट्टी आणा. चादर तिथं मिळेल, पण आपल्या घरची सोलापुरी चादर एकीनं एक आणली तर पहाटे भांडणं होणार नाहीत.

लक्ष्मी : चादरी मी आणते सगळ्यांना. घरात तेच तर आहे.

शाहीन : आणि रात्री करायचं काय? अंताक्षरी नको, दरवेळी ‘म’ वर अडतं.

स्नेहल : काहीच नाही. कार्यक्रम ठेवलेलाच नाही. आगटीतले गोवऱ्यांचे निखारे असतात तोवर बसायचं, मग झोपायचं. झोप आली नाही तर बोलायचं.

कल्पनाकाकू : वाण मात्र मी आणणार. हळदीकुंकू तिथंच उरकू, त्या शेतवाल्या बाईंनापण देऊ. शाहीन, तुलापण वाण आहे, नाही म्हणू नकोस.

शाहीन : नाही कशाला म्हणू काकू? गेल्या वर्षीची चहाची गाळणी अजून वापरतेय.

स्नेहल : चला, ठरलं. १७ ला शनिवारी दुपारी एकला गेटवर. जेवून निघायचं, पण पोटात जागा ठेवून. बाईंना आज रात्री निम्मे पैसे पाठवायचे आहेत, नाहीतर ती तारीख दुसऱ्या ग्रुपला देईल. माणशी एक हजार माझ्या नंबरवर टाका, आणि नाव लिहा.

राजश्री : टाकले.

शाहीन : 👍 टाकले.

लक्ष्मी : पोराला सांगितलंय, टाकलालाय तो.

महानंदाअक्का : मी रोख देते, सकाळी फुलं काढायला खाली येते तेव्हा.

कल्पनाकाकू : पाठवले. ह्यांच्या फोनवरनं गेलेत, त्यांचं नाव दिसेल. कशाचे ते त्यांना सांगितलेलं नाही, सोसायटीचा मेंटेनन्स समजलेत.

स्नेहल : मिळाले काकू. पण ह्या महिन्याचा मेंटेनन्स तेवढा वेगळा भरा. वैशाली, तुझेच राहिलेत.