एलियन वीस गोळ्या खाऊन मेला म्हणजे गेम अवघड झाला का?

धूमकेतू:
एलियन शूटरमध्ये डिफिकल्टी वाढवली की बहुतेक वेळा तोच एलियन, तीच चाल, फक्त जीव जास्त चिवट. ट्रिगर दाबून धरायचा आणि त्याची हेल्थ संपायची वाट बघायची. मी याला अवघड नाही, कंटाळवाणं म्हणतो. २००१ चा ‘हेलो’ बघा. एलिटला, म्हणजे म्होरक्या एलियनला, पाडलं की भोवतालचे ग्रंट, म्हणजे त्याच्या हाताखालचे बुटके एलियन, किंचाळत पळत सुटतात, म्हणून आधी कुणाला टिपायचं हे दर चकमकीत ठरवावं लागतं. ‘डेड स्पेस’मध्ये छातीत गोळ्या घालून भागत नाही, हातपाय तोडावे लागतात. पाय उडवला तरी शत्रू सरपटत येतोच! अवघडपणा शत्रूच्या वागण्यात हवा.

नेमबाज:
साफ असहमत. ‘हेलो’चंच घेऊ. नॉर्मल डिफिकल्टीवर असॉल्ट रायफल झाडत एलिटच्या अंगावर गेलं तरी निभावतं. लेजेंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, तसं केलं तर आपणच आडवे. तिथे प्लाझ्मा पिस्तूल चार्ज करून आधी त्याची शील्ड, म्हणजे अंगाभोवतीचं संरक्षक कवच, उतरवायची, झटकन शस्त्र बदलायचं आणि डोक्यात गोळी. ही जोडी मला त्याच्या चिवटपणानेच शिकवली. शील्ड लेचीपेची असती तर त्या पिस्तुलाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

धूमकेतू:
तिथे चिवटपणावर तोड दिलेली होती, म्हणून मजा आली. ‘हेलो २’च्या लेजेंडरीवरचे जॅकल स्नायपर, म्हणजे लांबून नेम धरणारे एलियन, आठवा. आपल्याला दिसायच्या आधी एका फटक्यात खेळ खल्लास. मरायचं, ते कुठे बसलेत ते पाठ करायचं, पुन्हा मरायचं. यात कसब कुठे आलं?

काजवा:
तुम्ही दोघंही सगळे सारखेच खेळतात असं धरून चाललात. ‘एलियन: आयसोलेशन’मधला एलियन मरतच नाही, फ्लेमथ्रोअरने फार तर पळवून लावता येतो. माझ्यासाठी तो आजवरचा सर्वोत्तम शत्रू आहे, पण त्याच्या धाकाने गेम अर्धवट सोडणारेही आहेत. म्हणूनच नंतर त्यात नोव्हिस मोड, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, आला, आणि चांगलंच झालं. ‘ईझीवर खेळला म्हणजे खेळलाच नाही’ हे ऐकलं की संताप येतो. ‘हेलडायव्हर्स २’मध्ये शस्त्रं वारंवार कमकुवत केली तेव्हा खेळाडू भडकले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली बरीच पुन्हा दणकट करावी लागली. त्यातले किड्यांसारखे एलियन चिरडताना हातात ताकद जाणवली पाहिजे, ही मागणी गैर नाही.

नेमबाज:
नोव्हिसबद्दल सहमत, जॅकलचीही बाजू घेणार नाही. पण धूमकेतू, १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चं काय? एलियन कमी उरले की प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा आणि उरलेल्यांचा वेग वाढायचा. वागणं तेच, आकडा तेवढा बदलला. तरी शेवटचा एलियन टिपताना तळहाताला घाम फुटतो.

धूमकेतू:
घाम फुटतो, कारण वेग वाढला की तो पुढे कुठे असेल ते हेरून आधीच गोळी सोडावी लागते. त्याच एलियनला वीस गोळ्यांची हेल्थ देऊन बघा, मग बोलू.