मदत हवी आहे: एसएसडी काढली की बॅकअप डिस्क बूट होत नाही

नमस्कार मंडळी,

घरच्या संगणकावर डेबियन १२ (लिनक्स) आहे. सिस्टीम एका एसएसडीवर, आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क एमडीएडीएमने (लिनक्समधलं डिस्क एकत्र जोडायचं साधन) रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा (मिरर). घरातल्या सगळ्यांचे फोटो, रेकॉर्डिंग, कागदपत्रांचे स्कॅन या जोडीवर आहेत. तिसरी डिस्क घेऊन रेड ५ (डेटा तिन्ही डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत) केला असता तर ८ टीबी जागा मिळाली असती, पण मिररमधली कुठलीही एक डिस्क उचलून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावली तरी तिच्यावरचं सगळं वाचता येतं. मला जागेपेक्षा ते महत्त्वाचं वाटतं.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मान्यच आहे. फोल्डर चुकून डिलीट झाला की दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. म्हणून डेटाची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि काम झालं की ती काढून ठेवतो. तिथे अडचण नाही.

अडलंय ते सिस्टीमच्या बॅकअपवर. एसएसडी गेली तर यूएसबी डिस्क लावावी, बूट करावं आणि कामाला लागावं, एवढंच हवंय. त्या डिस्कवर जीपीटी (पार्टिशनांचा तक्ता), फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन (बूट फाइलसाठी) आणि उरलेल्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) केलं. आरसिंकने (फाइली कॉपी करणारी आज्ञा) सिस्टीम तिकडे नेली, क्रूट करून (म्हणजे त्या कॉपीच्या आत शिरून) ग्रब-इन्स्टॉल (ग्रब हा बूटलोडर बसवणारी आज्ञा) चालवलं. एरर नाही. एसएसडी जोडलेली असताना यूएसबीवरून व्यवस्थित बूट होतं. ती काढली की ग्रबचा मेनू येतो, थोडा वेळ काही हलत नाही, मग एक लांबलचक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), तो ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असा इशारा, आणि समोर इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टीमचा) प्रॉम्प्ट.

दुसरं: एसएसडीसुद्धा दोन घेऊन रेड १ केल्या तर हा खटाटोप वाचेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:

एसएसडी जोडून यूएसबीवरून बूट करा आणि ‘फाइंडएमएनटी /’ चालवा. रूट (सिस्टीमचं मुख्य पार्टिशन) म्हणून एसएसडीचंच पार्टिशन दिसेल बघा. म्हणजे मेनू यूएसबीचा, पण चालतेय जुनीच सिस्टीम. आरसिंकने ग्रबची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी आणली, तिच्यात जुना यूयूआयडी आहे. ग्रब-इन्स्टॉल ती फाइल नव्याने लिहीत नाही, त्यासाठी क्रूटमध्ये अपडेट-ग्रब चालवावं लागतं.

त्याआधी यूएसबीवरच्या एफस्टॅबमध्ये (बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी) रूट आणि ईएफआय पार्टिशन दोन्हींचे यूयूआयडी बदला. ईएफआयची ओळ राहून गेली तर सिस्टीम ९० सेकंद वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाते. रेडच्या ओळीत ‘नोफेल’ घाला, म्हणजे जोडी नसली तरी बूट अडणार नाही.

खरी मेख पुढे आहे. पुढच्या वेळी आरसिंक केलं की एफस्टॅब पुन्हा जुना येणार. म्हणून एफस्टॅब आणि ईएफआयचा फोल्डर आरसिंकमधून वगळा, आणि दर वेळी शेवटी क्रूटमध्ये अपडेट-ग्रब करा. हे सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा, नाहीतर नवीन कर्नल आल्यावर हमखास विसरायला होतं.

ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ आणि ‘नो-एनव्हीरॅम’ हे पर्याय द्या. मग मदरबोर्ड बदलला तरी फर्मवेअरला (मदरबोर्डवरच्या बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) बूट फाइल ठरलेल्या जागी सापडते, आणि एसएसडीच्या बूट नोंदीला धक्का लागत नाही.

प्रतिसाद २:

दोन एसएसडींबद्दल: एक डिस्क मेली तर मिरर वाचवेल, पण बिघडलेला अपडेट दोन्हींवर सारखाच जाईल. शिवाय यूईएफआय फर्मवेअरला एमडी रेड (एमडीएडीएमने केलेला रेड) कळत नाही. मेटाडेटा १.२ (रेडची स्वतःची माहिती लिहायची एक पद्धत) पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो, त्यामुळे तिथे फर्मवेअरला फॅट३२ दिसतच नाही. १.० शेवटी बसतो म्हणून चालून जातं, पण फर्मवेअरने एकाच प्रतीत काही लिहिलं तर दोन्ही प्रती वेगळ्या होतात. मी दोन्हींवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवेन. यूएसबी डिस्क मात्र हवीच.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. फाइंडएमएनटीने खरंच एसएसडी दाखवली. एफस्टॅब बदलून अपडेट-ग्रब केलं, एसएसडीची केबल काढली, आणि थेट लॉगिनपर्यंत पोहोचलो. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणारी फाइल) दोन्ही डिस्क ‘यूयू’, म्हणजे चालू, दिसतायत. आता स्क्रिप्ट लिहायला घेतो, झाली की इथेच टाकतो, कृपया तपासून द्या.